ओव्हर दिल्यानंतर

रुग्णालयातील परिचारिकेची पाळी ज्या कृतीने संपते तिला वॉर्डाच्या बोलीत 'ओव्हर देणे' असे म्हणतात. जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला घेऊन खाटेखाटेपाशी जाते आणि कोणाचे सलाईन किती उरले आहे, कोणाची लघवी मोजून लिहायची आहे, कोणाला रात्री दहाचा अँटिबायोटिकचा डोस द्यायचा आहे, कोणाचे नातेवाईक रक्तपेढीत गेले आहेत, हे सांगत पुढे सरकते. शेवटी औषधांच्या कपाटाची किल्ली हातात पडते, वहीत सही होते आणि जबाबदारी एकीकडून दुसरीकडे गेली असे मानले जाते. कागदावरची जबाबदारी अशी रीतसर हवाली होत असली तरी मनातली होत नाही, हा या व्यवसायातील कित्येक स्त्रियांचा अनुभव आहे. घरी जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसलेल्या सिस्टरच्या मनात सात नंबरच्या आजींची कूस बदलायची राहिली, बारा नंबरच्या मुलाच्या आईशी आपण तुटक बोललो, नव्या मुलीला सर्वांदेखत रागावलो, अशी नोंद सुरू होते आणि ती वाचून सही करणारे कोणी नसल्यामुळे ती संपत नाही. नोकरी करणाऱ्या स्त्रीची आत्मटीका सर्वच क्षेत्रांत आढळते. परंतु परिचर्येच्या क्षेत्रात ती विशेष तीव्र होते, कारण येथे चुकीची किंमत दुसऱ्याच्या शरीराला मोजावी लागू शकते आणि करुणा हीच येथे नोकरीची अट असते. जी स्त्री दिवसाचे आठ तास इतरांना धीर देते ती स्वतःशी मात्र इतक्या कठोर भाषेत का बोलते, हा प्रश्न म्हणूनच बारकाईने पाहण्यासारखा आहे.

या चर्चेत तीन शब्द एकमेकांपासून वेगळे ठेवावे लागतात. आत्मपरीक्षणाचा विषय कृती असते आणि आत्मटीकेचा विषय व्यक्ती असते. 'डोस वीस मिनिटे उशिरा दिला गेला, कारण त्याच वेळी दोन ॲडमिशन आल्या' हे आत्मपरीक्षणाचे वाक्य आहे. त्यातून पुढच्या वेळी काय करता येईल याचा विचार सुरू होऊ शकतो. 'मला काही जमतच नाही, मी या कामाच्या लायकीची नाही' हे आत्मटीकेचे वाक्य आहे. त्यातून पुढे काहीच सुरू होत नाही, कारण त्यात सुधारण्याजोगी गोष्टच शिल्लक ठेवलेली नसते. मराठीत या अवस्थेला 'मन खाणे' असा नेमका वाक्प्रचार आहे, आणि त्यात जे सांगितले आहे ते शब्दशः खरे आहे: खाणारेही मन असते आणि खाल्ले जाणारेही मनच असते. तिसरा शब्द आत्मकरुणा. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये या संकल्पनेची शास्त्रीय मांडणी केली आणि ती मोजण्यासाठी २६ विधानांची एक मापनश्रेणीही तयार केली. त्यांच्या मांडणीनुसार आत्मकरुणेची तीन अंगे आहेत: अपयशाच्या किंवा दुःखाच्या वेळी स्वतःला फटकारण्याऐवजी आपुलकीने वागवणे, चुकणे आणि दुखावणे हे आपल्या एकट्याच्या वाट्याला आलेले नसून साऱ्या माणसांच्या वाट्याला येते याची जाणीव ठेवणे, आणि जे वाटते आहे ते दडपून न टाकता व फुगवूनही न पाहता, आहे तसे लक्षात घेणे.

दुसरे अंग हे आत्मकरुणेला स्वतःची कीव करण्यापासून वेगळे करते, आणि हा फरक आपल्याकडे वारंवार निसटतो. कीव करणारे मन 'माझ्याच नशिबी हे का' असे विचारते आणि माणसांपासून तुटत जाते. करुणा असलेले मन 'हे माझ्यासारख्या अनेकींना होत असते' असे म्हणते आणि माणसांकडे परत येते. 'स्वतःचे लाड करू नयेत' या शिकवणीत वाढलेल्या स्त्रीला आत्मकरुणा हा शब्दच प्रथम संशयास्पद वाटतो. तो ऐकताच तिच्या मनात आळस, हलगर्जी, स्वतःला सवलत देणे हे अर्थ उभे राहतात. परिचारिकेच्या मनात तर त्याही पुढचा विचार येतो. आपण स्वतःशी मऊ झालो तर उद्या एखाद्या रुग्णाचा जीव जाईल, या भीतीने ती आपल्या आत्मटीकेला जपते. ही भीती मुळीच क्षुल्लक नाही, आणि तिला उत्तर दिल्याशिवाय आत्मकरुणेविषयी बोलणे हे पोकळ ठरेल.

या कठोरपणाची काही मुळे व्यवसायाच्या इतिहासात आहेत. आधुनिक परिचर्येचे आदर्श एकोणिसाव्या शतकात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या कार्यातून आकाराला आले आणि 'सिस्टर' हे संबोधन धर्मसंघांतील सेवाव्रती स्त्रियांकडून आले. म्हणजे पगारी नोकरी होण्याआधी हे काम व्रत होते, आणि व्रताला सुट्टी नसते, थकवा नसतो, तक्रार तर नसतेच. 'देवदूत', 'त्यागमूर्ती' ही विशेषणे १२ मेच्या परिचारिका दिनी आजही भाषणांतून ऐकू येतात. ती आदरानेच उच्चारली जातात. परंतु त्या विशेषणांखाली उभ्या असलेल्या स्त्रीची पाठ दुखत असते, तिची मासिक पाळी चालू असते, तिच्या घरी ताप आलेले मूल असते, आणि त्यागमूर्तीच्या मापाने स्वतःला मोजू लागली की ती रोजच उणी पडते. भारतातील नर्सिंग महाविद्यालयांत विद्यार्थिनी हातात दिवा घेऊन जी शपथ घेतात ती नाइटिंगेल यांच्या नावाने ओळखली जात असली तरी त्यांनी लिहिलेली नाही. ती १८९३ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे लिस्ट्रा ग्रेटर यांच्या पुढाकाराने तयार झाली. त्या शपथेच्या मूळ पाठात एक शब्द आहे, जो दिव्याच्या उजेडात सहज ऐकला जातो आणि नंतर विसरला जातो. अपायकारक औषध आपण जाणूनबुजून देणार नाही, असे त्या शपथेत आहे. शपथ लिहिणाऱ्यांना ठाऊक होते की माणूस न जाणता चुकतो आणि न जाणता घडलेल्या चुकीसाठी शपथभंगाचा आरोप ठेवता येत नाही. आत्मटीका करणारे मन नेमका हाच शब्द खोडून टाकते आणि मग स्वतःवर खटला चालवते.

हा खटला कसा चालतो हे एका प्रसंगातून पाहणे उपयुक्त ठरेल. एका सार्वजनिक रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डातील हा प्रसंग त्या व्यवसायातील कोणालाही अनोळखी वाटणार नाही. नाइट ड्यूटी, पहाटेचे साडेतीन, खाटा भरलेल्या आणि काही रुग्ण खाली गाद्यांवर, सिस्टर दोन. त्यांतील नोकरीत तीन वर्षे झालेली सिस्टर अँटिबायोटिकच्या भुकटीच्या कुपीत निर्जंतुक पाणी घालून इंजेक्शन तयार करण्यासाठी ट्रेमधून प्लास्टिकची दहा मिलिलिटरची अँप्यूल उचलते. तिचे टोक पिरगाळण्यासाठी तिने ती ट्यूबलाइटच्या उजेडात धरली आणि तिच्या लक्षात आले की ते पाणी नसून पोटॅशियम क्लोराइड आहे. आकार तोच, प्लास्टिक तेच, आतला द्रव तसाच स्वच्छ; फरक फक्त छापील अक्षरांचा. पोटॅशियम क्लोराइड मोठ्या सलाईनमध्ये मिसळून अतिशय संथ गतीने द्यावे लागते. ते थेट शिरेत टोचले तर हृदय काही क्षणांत बंद पडू शकते. अँप्यूल न उघडता तिने ती ट्रेमध्ये परत ठेवली, पाण्याची घेतली, डोस दिला, चार्टवर सही केली. रुग्णाला काहीही झाले नाही. तो झोपेतून जागाही झाला नाही. वैद्यकीय सुरक्षिततेच्या भाषेत अशा घटनेला थोडक्यात टळलेली चूक म्हणतात आणि तिची नोंद करणे अपेक्षित असते, कारण जी चूक आज टळली ती कोठे दबा धरून आहे हे तिच्यामुळेच कळते.

त्या सिस्टरने नोंद केली नाही. सकाळी ओव्हर देताना तिने सर्व खाटांविषयी सांगितले आणि ट्रेविषयी काहीच सांगितले नाही. घरी गेल्यावर दुपारी तिला झोप लागली नाही. हातातली अँप्यूल तिला पुन्हा पुन्हा दिसत राहिली, आणि प्रत्येक वेळी ती उघडली जात होती, सिरिंज भरली जात होती. पुढचे पंधरा दिवस ती प्रत्येक औषधाचे लेबल चार चार वेळा वाचत होती. त्यामुळे तिच्या खाटांवरील डोस उशिरा होऊ लागले, त्या उशिरासाठी ती स्वतःला पुन्हा बोल लावू लागली, आणि 'तू थोडक्यात खुनी ठरली असतीस' हे वाक्य मनात घेऊन ती इतर सिस्टरांशी बोलण्याचे टाळू लागली. बाहेरून पाहणाऱ्याला हे सारे जबाबदारीच्या जाणिवेचे लक्षण वाटले असते. प्रत्यक्षात त्या पंधरा रात्रींत दोन्ही अँप्यूल त्याच ट्रेमध्ये, एकमेकींना लागून, तशाच पडून होत्या आणि दररोज रात्री कोणी ना कोणी सिस्टर अर्धवट उजेडात त्याच ट्रेकडे हात नेत होती. आत्मटीकेने एका स्त्रीची झोप घेतली. वॉर्ड मात्र तसूभरही सुरक्षित झाला नाही. आत्मटीकेविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. ती स्त्रीला दुःखी करते हे तर खरेच. शिवाय ती तिला गप्प करते, आणि ज्या कामात माहिती पुढे जाण्यावर जीव अवलंबून असतात तेथे हे गप्प होणे धोकादायक असते.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी २००० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिलेल्या आणि पुढे फार गाजलेल्या लेखात चुकीकडे पाहण्याचे दोन मार्ग सांगितले होते. एका मार्गात चुकणाऱ्या व्यक्तीचा विसराळूपणा किंवा निष्काळजीपणा शोधला जातो. दुसऱ्या मार्गात असे गृहीत धरले जाते की माणसे चुकणारच, म्हणून चूक होण्याजोगी परिस्थिती बदलावी आणि एकामागे एक अडथळे उभे करावेत. या अडथळ्यांची तुलना त्यांनी भोके असलेल्या चीजच्या चकत्यांशी केली. एका चकतीचे भोक दुसऱ्या चकतीने झाकले जाते आणि सर्व भोके एका रेषेत आली तरच अपघात घडतो. वरील प्रसंगात सारखे दिसणारे पॅकिंग, एकच ट्रे, अपुरा उजेड, रात्रीचा प्रहर आणि कमी मनुष्यबळ ही भोके एका रेषेत आली होती आणि शेवटची चकती म्हणजे त्या सिस्टरचे डोळे होते, ज्यांनी लेबल वाचले. म्हणजे त्या रात्री जे एक अंग नीट चालले तेच पुढे पंधरा दिवस आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात अमेरिकेतील डॉक्टर आल्बर्ट वू यांनी, चुकीमुळे रुग्णाबरोबर तो वैद्यकीय कर्मचारीही कसा मोडून पडतो हे दाखवून त्याला 'दुसरा बळी' म्हटले. या शब्दाला पुढे २०१९ मध्ये रुग्णांच्या बाजूने विरोध झाला, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे: ज्यांचे माणूस गेले त्यांच्या पंक्तीत चुकणाऱ्याला बसवणे त्यांना असह्य वाटते. आत्मकरुणेने ही मर्यादा पाळलीच पाहिजे. रुग्णाचे नुकसान झाले असेल तर पहिली जागा त्याच्या दुःखाची, पहिले शब्द त्याच्या माणसांसाठी. परंतु ते शब्द उच्चारण्याचे बळही ज्या स्त्रीला स्वतःचे तोंड पाहवत नाही तिच्यात येत नाही. खरेपणाने क्षमा मागण्यासाठी पायाखाली थोडी जमीन लागते.

ही जमीन शरीराच्या पातळीवर काय असते, याचे एक स्पष्टीकरण करुणाकेंद्री उपचारपद्धतीचे प्रवर्तक, ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांनी दिले आहे. त्यांच्या मते माणसाच्या भावना तीन व्यवस्थांभोवती फिरतात. मराठीत त्यांना धोक्याची, धडपडीची आणि दिलाशाची व्यवस्था म्हणता येईल. धोक्याची व्यवस्था हृदयाचे ठोके वाढवते, लक्ष एकाच गोष्टीवर आवळते आणि लढ, पळ किंवा गोठ एवढेच पर्याय समोर ठेवते. धडपडीची व्यवस्था मिळवण्यासाठी पुढे ढकलते. दिलाशाची व्यवस्था जवळच्या माणसाच्या आवाजाने, स्पर्शाने जागी होते आणि मन शांत करते. स्वतःला शिव्या देणारा आतला आवाज धोक्याच्या व्यवस्थेला बाहेरच्या शत्रूसारखाच वाटतो; फरक इतकाच की या शत्रूपासून पळून जाण्यास जागा नसते. परिचारिकेला हे वेगळे समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही, कारण ऑपरेशनला नेण्यापूर्वी घाबरलेल्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून 'काही होत नाही मावशी, मी आहे ना इथे' असे म्हटले की तिची नाडी खाली येते, हे ती रोज पाहते. तोच आवाज, तोच हात स्वतःसाठी वापरता येतो, हे मात्र तिला कोणी शिकवलेले नसते.

रुग्णालयाबाहेरचे आयुष्य या टीकेला आणखी खाद्य पुरवते. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉशिल्ड यांनी नोकरीनंतर घरी वाट पाहत असलेल्या कामाला १९८९ च्या आपल्या पुस्तकात 'दुसरी पाळी' म्हटले होते. मॉर्निंग, इव्हिनिंग आणि नाइट अशा तीन पाळ्यांत फिरणाऱ्या परिचारिकेच्या बाबतीत ती चौथी पाळी ठरते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या कालवापर सर्वेक्षणात घरातील बिनपगारी कामांत भाग घेणाऱ्या स्त्रियांचा त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि पुरुषांचा ९७ मिनिटे, असे आढळले होते. हा आकडा अशा सर्व स्त्रियांचा आहे, त्यांत रात्रभर उभी राहून सकाळी डबा करणारीही आहे. नाइट करून आलेल्या सूनबाईने अकरा वाजता खोलीचे दार लावून झोपावे, हे अनेक घरांत अजूनही मनापासून मान्य होत नाही. कोणी बोलत नाही. पण भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा होतो, आणि झोपलेली बाई तो आवाज ऐकून उठते. शाळेच्या गॅदरिंगला जाता आले नाही म्हणून आई म्हणून उणी, मुलाच्या तापासाठी रजा घेतली म्हणून वॉर्डात उणी; दोन्हीकडच्या पट्ट्या पूर्ण लांबीच्या आणि दिवस मात्र एकच. येथे स्त्रीच्या मनातला टीकाकार तिने स्वतः निर्माण केलेला नाही, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. तो सासरच्या, माहेरच्या, मेट्रनच्या, नातेवाइकांच्या आवाजांतून घडत आलेला असतो आणि नंतर तिच्याच आवाजात बोलू लागतो.

याहून सूक्ष्म असा एक भार परिचर्येत असतो, ज्याला अमेरिकी तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्याच संदर्भात नाव दिले. मराठीत त्याला नैतिक क्लेश म्हणता येईल: काय करणे योग्य आहे हे माहीत असते, परंतु संस्थेच्या मर्यादांमुळे ते करता येत नाही, आणि त्यातून जी यातना होते ती. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. ज्या वॉर्डात एक सिस्टर वीस खाटा पाहते तेथे दर दोन तासांनी प्रत्येक अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस बदलणे हे इच्छाशक्तीचे काम राहत नाही, ते अंकगणिताने अशक्य झालेले असते. तरी आजींच्या कमरेवर जखम दिसली की सिस्टरला वाटते, आपण केली ही. संस्थेचे अपुरेपण अशा रीतीने स्त्रीच्या मनात तिचे वैयक्तिक अपुरेपण बनून शिरते, आणि ज्यांनी पदे भरायची त्यांच्यापर्यंत तो प्रश्न पोहोचतच नाही. म्हणून आत्मकरुणेचा एक भाग हिशेबाचा आहे: यातले माझे किती आणि व्यवस्थेचे किती, हे शांतपणे वेगळे करणे, माझे ते सुधारणे आणि व्यवस्थेचे ते लेखी कळवणे. आत्मकरुणेची शिबिरे भरवून रिकाम्या जागा तशाच ठेवणाऱ्या प्रशासनाला या संकल्पनेचा आधार घेण्याचा अधिकार नाही.

टीकाकाराची भाषा ओळखण्यासाठी मराठीत एक सोपी खूण आहे. आल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत आणली. या विचारात माणसाच्या इच्छा जेव्हा हट्टाच्या मागण्या बनतात तेव्हा त्याचे मानसिक स्वास्थ्य बिघडते असे सांगितले आहे. मराठीत ही मागणी बहुधा 'च' या एका अक्षरात मावते. 'माझ्या हातून चूक होताच कामा नये', 'सगळ्यांना मी चांगलीच वाटले पाहिजे', 'मला हे जमायलाच हवे' या वाक्यांतील 'च' काढून ती पुन्हा म्हटली तर इच्छा तशीच राहते, कामाची तळमळही तशीच राहते, पण गळ्याभोवतीचा फास सैल होतो. कृतीचे मूल्यमापन करावे, माणसाचे एकूण मूल्य ठरवू नये, हा एलिस यांच्या विनाअट आत्मस्वीकाराचा गाभा आहे. मराठी परंपरेला मनाशी बोलण्याची ही रीत परकी नाही. समर्थ रामदासांच्या २०५ 'मनाच्या श्लोकां'त मनाला सतत ताकीद दिलेली आहे, दोष दाखवलेले आहेत, आणि तरी त्याला हाक मारताना 'सज्जन' म्हटले आहे. ज्याला सुधारायचे त्याला आधी भल्या नावाने बोलवायचे, ही जाण त्या संबोधनात आहे.

प्रत्यक्ष सरावाला वेगळा वेळ काढावा लागतो असा समज असतो, आणि वेळ हीच तर नसलेली गोष्ट आहे. परंतु प्रत्येक वॉर्डातील बेसिनवर हात धुण्याच्या पायऱ्यांचे जे चित्र लावलेले असते त्यावर साबणाने हात धुण्याचा काळ ४० ते ६० सेकंद दिलेला आहे. तो नियम पाळायचाच असतो आणि पाळीत अनेकदा पाळायचा असतो. नेफ यांनी सांगितलेली तीन अंगे तेवढ्या वेळात बसतात. तळहातावर तळहात घासताना: आत्ताचा प्रसंग कठीण होता, छाती धडधडते आहे. बोटांच्या बेचक्यांतून फेस नेताना: असे प्रसंग या कामात सर्वांवर येतात, शेजारच्या वॉर्डातही आत्ता कोणावर तरी आला असेल. अंगठा धुताना आणि पाण्याखाली हात धरताना: नव्या विद्यार्थिनीला मी आत्ता जे सांगितले असते तेच मला, त्याच आवाजात. कोमट झालेल्या हातांनी पुढच्या खाटेकडे जायचे. यातून काम ढिले पडेल ही शंका असल्यास ज्युलियाना ब्रेन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांकडे पाहावे. कठीण चाचणीत अपयश आलेल्यांपैकी ज्यांना स्वतःच्या अपयशाकडे करुणेने पाहण्यास सांगितले होते ते पुढच्या चाचणीसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास करताना आढळले. जे चुकले ते डोळे उघडे ठेवून पाहण्याची ताकद करुणेने येते, आणि पाहिल्याशिवाय अभ्यास होत नाही. मात्र टोचणी आठवडेच्या आठवडे टिकली, झोप आणि भूक गेली, जगणे नकोसे वाटू लागले तर बेसिनपाशी केलेला सराव पुरत नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे, आणि तोपर्यंत केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही उपलब्ध आहे.

अँप्यूल हातात आलेल्या त्या सिस्टरला मात्र यांपैकी काहीही पुस्तकातून कळले नाही. सोळाव्या दिवशी इन्चार्ज सिस्टरने तिला औषधांच्या ट्रॉलीपाशी एकच लेबल पुन्हा पुन्हा वाचताना पाहिले आणि चहाच्या वेळी ड्यूटीरूममध्ये बोलावले. काय झाले हे विचारल्यावर ती आधी रडली, मग तिने सांगितले, आणि सांगून झाल्यावर मेमो मिळण्याच्या तयारीने ती उभी राहिली. "बस खाली," इन्चार्ज म्हणाल्या. "माझ्या हातात तर सिरिंज भरून झाली होती. पेशंटच्या मुलाने काहीतरी विचारलं म्हणून मी थांबले, आणि मोकळ्या अँप्यूलकडे लक्ष गेलं. बावीस वर्षं झाली. मी कोणालाच सांगितलं नाही अगं, आज तुला सांगतेय." तीस वर्षांच्या नोकरीचा मान असलेल्या स्त्रीने हे सांगावे, यात आत्मकरुणेच्या ज्या दुसऱ्या अंगाला नेफ समान मानवता म्हणतात ती संकल्पना चहाच्या दोन कपांमध्ये येऊन बसली होती. त्या तरुण सिस्टरला जितका दिलासा मिळाला असेल तितकाच कदाचित सांगणारीलाही मिळाला, कारण बावीस वर्षे तिनेही ती अँप्यूल कोणाच्या हवाली केली नव्हती.

त्यानंतर दोघींनी मिळून नोंदवहीत नोंद लिहिली. त्यात कोणाचे नाव नव्हते, वेळ होती, उजेडाविषयी एक वाक्य होते, आणि सारख्या दिसणाऱ्या दोन अँप्यूलची चित्रे पेनाने काढलेली होती. पोटॅशियमच्या अँप्यूल ट्रेमधून काढून लाल झाकणाच्या वेगळ्या डब्यात, कुलपाच्या कपाटात ठेवल्या गेल्या. वॉर्डबॉय मामांनी ट्रॉलीजवळची मिणमिणणारी ट्यूब बदलून घेतली. त्या वॉर्डात तेव्हापासून ओव्हर देताना शेवटच्या खाटेनंतर 'पोटॅशियम लाल डब्यात, मोजून सहा' हे वाक्य म्हटले जाते. नव्याने बदलून आलेल्या सिस्टरांना ते तेथे कसे आले हे माहीत नसते. ज्या सिस्टरमुळे ते आले तीही ते इतरांसारखेच एका दमात म्हणते, किल्ली पुढे करते आणि सही करून बसस्टॉपकडे निघते.